गबाळ्या ‘जो’ची कुळकथा

इतिहासावर भाषण आहे असें कळलें म्हणजे श्रोत्यांच्या मनांत राजवाडे, रणांगणें आणि तहनामे यांचीं चित्रें साहजिकच उभीं राहतात. आज मी आपणांस जेथें नेणार आहें तें स्थळ इतकें भव्य नाहीं. अमेरिकेंतील एका साध्या घराचें तें स्वयंपाकघर आहे. शेगडीवर जाड बुडाच्या लोखंडी तव्यांत खिमा, कांदा आणि टोमॅटोचा रस रटरटत आहे. शेजारीं मऊ गोल पाव मधोमध चिरून ठेवले आहेत. आणि पळीभर मिश्रण पावावर पडतांच तें चारी बाजूंनीं ओघळूं लागेल, बोटें माखतील, एखाद्या सदऱ्यावर तांबडा डाग पडेल, हें ठाऊक असूनही मुलें मोठ्या उत्सुकतेनें टेबलाभोंवतीं जमलीं आहेत. ह्या पदार्थाचें नांव ‘स्लॉपी जो’. ‘जो’ हें जोसेफ ह्या नांवाचें घरगुती रूप, आणि ‘स्लॉपी’ म्हणजे गबाळा, अजागळ. आपल्या वळणानें नांव ठेवायचें तर ‘गबाळा पांडोबा’ असें कांहीं तरी म्हणावें लागेल.

ह्या पदार्थांतील खिमा बहुधा गाईबैलाच्या मांसाचा असतो, आणि आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं तें वर्ज्य आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. पण इतिहास ऐकणाऱ्यावर पानांत वाढून घेण्याची सक्ती नसते. शिवाय ह्या गोष्टीचा खरा विषय मांस नाहींच. थोडक्या जिनसेंत अनेकांचीं पोटें कशीं भरावींत, आणि तें करतांना जेवणाऱ्याला आपण गरीब आहोंत असें वाटूं कसें द्यावयाचें नाहीं, हा तिचा खरा विषय आहे. आणि तो कोणत्याहि मुलखांतील गृहिणीला परका वाटेल असें मला वाटत नाहीं.

हा पदार्थ प्रथम कोणीं केला, असा प्रश्न विचारला कीं चार दावेदार पुढें येतात. त्यांच्या कैफियती आपण क्रमानें ऐकूं.

पहिला दावा अमेरिकेच्या मध्यभागीं असलेल्या आयोवा संस्थानाचा. हा मुलूख मक्याचा आणि गुराढोरांचा. त्याच्या पश्चिम सीमेवर, मिसूरी नदीच्या कांठीं सू सिटी हें शहर आहे. तेथें पूर्वीं गुरांचे मोठे बाजार आणि मांसाचे कारखाने होते. ह्या शहरांत १९२४ सालीं डेव्हिड हेग्लिन नांवाच्या गृहस्थानें शिजवलेला सुटा खिमा पावांत घालून विकण्यास आरंभ केला, असें तेथील लोक सांगतात. पुढें १९३४ मध्यें अब्राहम कॅलेड ह्यांनीं तें दुकान घेतलें आणि ह्या खाद्याला ‘टॅव्हर्न’ हें नांव रूढ केलें. त्याच संस्थानाच्या पूर्व टोंकाला, मिसिसिपी नदीवरील मस्कटीन गांवीं १९२६ सालीं फ्रेड अँजेल ह्या खाटकानें असेंच एक दुकान काढलें. एका गिऱ्हाइकानें पहिला घास घेऊन ‘हें अगदीं बरोबर जमलें आहे’ अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि त्यावरूनच दुकानाला ‘मेड-राइट’ हें नांव पडलें, अशी कथा आहे. त्या नांवाचीं दुकानें आजहि चालू आहेत. मात्र आयोवांतील ह्या मूळ पदार्थांत टोमॅटोचा रस नसतो. खिमा सुटा, कोरडा, मीठ-मिरीचा. वर मोहरीची चटणी, कांदा आणि काकडीचें लोणचें, एवढाच थाट. ह्या कोरड्या खिम्यांत सू सिटींतील ‘जो’ नांवाच्या आचाऱ्यानें एके दिवशीं टोमॅटोचा रस ओतला आणि पदार्थाला आपलें नांव दिलें, अशी एक लोककथा आहे. परंतु ह्या आचाऱ्याचें आडनांव कोणी सांगत नाहीं, त्याअर्थीं तिच्याकडे लोककथा म्हणूनच पाहिलेलें बरें.

दुसरा दावा क्यूबा बेटाचा. हॅवाना शहरांत होसे आबेआल ह्या स्पॅनिश गृहस्थाचें एक पानगृह होतें. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी होती; त्या काळांत तहानलेले अमेरिकन प्रवासी समुद्र ओलांडून हॅवानाला येत, आणि आल्याबरोबर ह्या पानगृहाची वाट धरीत. होसे म्हणजे इंग्रजींतला जोसेफ. त्यांत जागेची अव्यवस्था पाहून गिऱ्हाइकांनीं थट्टेनें ‘स्लॉपी जो’ हें बिरुद तिला बहाल केलें. स्पॅनिश घरांत खिम्याचा ‘पिकादियो’ नांवाचा एक रसदार प्रकार पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. त्यांत कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह आणि कधीं कधीं बेदाणेहि पडतात. ह्या पानगृहांत मिळणारें सँडविच त्याच कुळांतलें होतें, असें हॅवानाचे अभिमानी सांगतात. क्यूबांतील राज्यक्रांतीनंतर तें पानगृह बंद पडलें आणि २०१३ सालीं पुन्हां उघडलें.

तिसरा दावेदार समुद्राच्या अलीकडे, फ्लोरिडाच्या दक्षिण टोंकावरील की वेस्ट बेटांत आहे. तेथें जो रसेल नांवाच्या गृहस्थानें दारूबंदी उठली त्याच दिवशीं, म्हणजे ५ डिसेंबर १९३३ रोजीं, आपलें पानगृह उघडलें. अर्नेस्ट हेमिंग्वे हा विख्यात कादंबरीकार त्याचा स्नेही व रोजचा गिऱ्हाईक. हॅवानाचें नांव उचलून ह्या जागेला देण्याची कल्पना त्याचीच, असें मानतात. १९३७ सालीं हें पानगृह डुव्हाल रस्त्यावरील सध्यांच्या जागेंत गेलें.

चौथा दावा सर्वांत विलक्षण आहे. न्यू जर्सी संस्थानांतील साउथ ऑरेंज गांवीं ‘स्लॉपी जो’ मागितला तर जें पुढें येतें त्यांत खिम्याचा मागमूस नसतो. राय धान्याच्या पावाचे तीन पातळ काप, त्यांच्यामध्यें दोन प्रकारच्या मांसाचे थंड तुकडे, चीज, कोबीची कोशिंबीर आणि आंबटगोड मलमली चटणी, असा तो तिमजली प्रकार आहे. त्या भागांतला एक पुढारी हॅवानाला जाऊन आला आणि तेथें चाखलेल्या सँडविचसारखें सँडविच इकडच्या दुकानानें करावें असा त्यानें आग्रह धरला, ही त्याची जन्मकथा. एकाच पानगृहाच्या दोन वारसांपैकीं एक ओला आणि एक कोरडा, एक उष्ण आणि एक थंड. दोघांत साम्य काय तें नांवाचें!

आतां निवाडा काय करावा? माझ्या मतें, ह्या चारी कैफियतींत एक घोटाळा समान आहे. नांवाचा इतिहास आणि पदार्थाचा इतिहास हे दोन निरनिराळे प्रवाह असतां त्यांना एकच समजून हे वाद चालले आहेत. १९४० च्या सुमारास अमेरिकन बोलींत ‘स्लॉपी जोचें दुकान’ म्हणजे झटपट व स्वस्त जेवण देणारी कोणतीहि खाणावळ, असा सामान्य अर्थ रूढ झालेला होता. त्याच दशकांत कॉलेजांतील मुली अंगापेक्षां दोन मापें मोठे, ढगळ लोंकरी स्वेटर घालूं लागल्या, तेव्हां त्या स्वेटरांनाहि ‘स्लॉपी जो’ असेंच म्हणत. म्हणजे हें नांव हवेंतच तरंगत होतें. जी वस्तु ढगळ, स्वस्त आणि आरामशीर दिसे तिच्यावर तें येऊन बसे. खिम्याच्या पावावर तें बसलें आणि तेथें कायमचें चिकटलें, एवढेंच निश्चयानें म्हणतां येईल.

पदार्थाची गोष्ट वेगळी आहे. तो जन्माला येण्यासाठीं चार गोष्टी जुळून यावयास हव्या होत्या. पहिली गोष्ट खिम्याचें यंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हातानें फिरविण्याचीं बिडाचीं यंत्रें घरोघर आलीं, आणि मानेचें किंवा खांद्याचें चिवट, स्वस्त मांसहि चघळण्याजोगें होऊं लागलें. दुसरी गोष्ट विश्वास. बारीक केलेल्या मांसांत काय मिसळलें आहे हें डोळ्यांना दिसत नाहीं. १९०६ सालीं अप्टन सिंक्लेअर ह्याच्या ‘द जंगल’ ह्या कादंबरीनें शिकागोच्या मांस-कारखान्यांतील घाण चव्हाट्यावर मांडली, तेव्हां सारा देश शहारला आणि त्याच वर्षीं मांसतपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. तरीहि खिम्याविषयींचा संशय पुष्कळ दिवस टिकून होता. १९२१ सालीं कॅन्सस संस्थानांतील विचिटा येथें निघालेल्या ‘व्हाइट कॅसल’ ह्या पांच सेंटांच्या हँबर्गरच्या दुकानानें आपल्या भिंती पांढऱ्याशुभ्र ठेवल्या, त्या हा संशय दूर करण्यासाठींच.

तिसरी गोष्ट टोमॅटोचें केचप. ‘केचप’ हा शब्द मूळचा आग्नेय आशियांतील माशांच्या खारट रसाचा. टोमॅटोशीं त्याचें लग्न अमेरिकेंत लागलें. फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ ह्यानें १८१२ सालीं त्याची कृति छापली, आणि १८७६ मध्यें हाइन्झ कंपनीनें तें बाटल्यांतून विकण्यास सुरुवात केली. पुढें रासायनिक द्रव्य न घालतां तें टिकावें म्हणून त्यांत पिकलेले टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर यांचें प्रमाण वाढविण्यांत आलें. स्लॉपी जोची ती प्रसिद्ध आंबटगोड चव ही अशा रीतीनें एका टिकाऊपणाच्या प्रश्नाचें उत्तर आहे. चौथी गोष्ट पाव. ७ जुलै १९२८ रोजीं मिसूरी संस्थानांतील चिलिकोथी गांवीं यंत्रानें कापलेला पाव प्रथम विक्रीस आला. आणि हँबर्गरच्या दुकानांमुळें मऊ गोल पावहि तोंवर सर्वत्र मिळूं लागला होता.

हीं चारी साधनें हातीं आलीं, आणि लगेच १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत दर चार कामकऱ्यांपैकीं सुमारें एक बेकार झाला. अशा दिवसांत घरांत शेरभर मांस आणणें हीच मोठी चैन. त्याच्या वड्या थापून हँबर्गर करावे तर चार माणसांत तें संपतें. कारण वडीला आकार हवा, आणि आकारासाठीं ती भरीव हवी. परंतु तोच खिमा सुटा परतून त्यांत कांदा, भोपळी मिरची, सेलरीचे देंठ आणि टोमॅटोचा रस घातला, तर त्यांत सहा, प्रसंगीं आठ माणसें जेवतात. रस पावांत मुरतो, पाव फुगतो, आणि मांस थोडें आहे ही गोष्ट जिभेच्या ध्यानांत येत नाहीं. तरीहि कमी पडलें तर गृहिणी त्यांत ओट किंवा बिस्किटांचा चुरा मिसळीत. ज्याला आपण गबाळेपणा म्हणतों तोच ह्या पदार्थाचा हिशेब होता. ओघळणारा घास हा पुरवठ्यास आलेला घास असतो.

मंदीमागून युद्ध आलें. २९ मार्च १९४३ पासून अमेरिकेंत मांसावर रेशनिंग सुरू झालें तें १९४५ च्या नोव्हेंबरापर्यंत चाललें. तांबड्या रंगाच्या तिकिटांवर गुण मोजून मांस मिळे; उत्तम तुकड्यांना जास्त गुण लागत, खिम्याला कमी. पूर्वीं गरिबीमुळें शिकलेली युक्ति आतां देशकार्य म्हणून सुस्थित घरांतहि शिरली. एकाच पदार्थाला दहा वर्षांत अशी प्रतिष्ठा मिळाल्याचीं उदाहरणें विरळा.

युद्ध संपल्यावर हा पदार्थ घराबाहेर पडून शाळेंत गेला. १९३५ च्या एका कायद्यानें शेतकऱ्यांचा शिलकी माल सरकारनें विकत घेण्याची सोय केली होती; त्यांतील बराच शाळांतील जेवणाकडे वळविला जाई. ४ जून १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं राष्ट्रीय शालेय भोजनाच्या कायद्यावर सही केली, आणि ही व्यवस्था कायम झाली. शेंकडों मुलांना अर्ध्या तासांत वाढावयाचें तर स्लॉपी जोसारखा सोयीचा पदार्थ दुसरा नाहीं. मोठ्या भांड्यांत तो तासन्‌तास गरम राहतो, उशीर झाला तरी बिघडत नाहीं, आणि आइस्क्रीम काढण्याच्या गोल पळीनें प्रत्येक पावावर मोजून टाकतां येतो.

येथें ह्या इतिहासाला एक वळण लागतें, आणि माझ्या मतें तेंच त्याचें मर्म आहे. अमेरिकन माणसांच्या बाळपणाच्या आठवणी वाचल्या किंवा ऐकल्या तर स्लॉपी जो त्यांत दोन अगदीं भिन्न रूपांनीं आढळतो. एक घरचा. शनिवारची रात्र, चर्चच्या तळघरांतील सामुदायिक भोजन, फुटबॉलचा सामना संपवून आलेली भुकेली पोरें, वाढदिवसाची पंगत. ह्या आठवणी सांगतांना माणसाचा स्वर मऊ होतो. दुसरा शाळेंतला, त्याची मात्र थट्टा होते. अ‍ॅडम सँडलर ह्या विनोदी नटानें १९९३ सालीं शाळेंत वाढणाऱ्या बाईवर एक गमतीचें गाणें केलें, त्यांतहि हा पदार्थ आहे आणि त्यावर सारा देश हंसला. मांस तेंच, टोमॅटो तोच, पावहि तोच. मग एकाविषयीं माया आणि दुसऱ्याविषयीं टवाळी कां?

कृतींतील फरकानें ह्याचें पुरेसें उत्तर मिळत नाहीं. १९७१ सालीं अमेरिकन सरकारनें शाळांतील मांसांत शेंकडा ३० पर्यंत सोयाबीनचा चोथा मिसळण्यास परवानगी दिली. त्यांत अपायकारक असें कांहीं नव्हतें. पूर्वीं घराघरांतून ओटाचा चुरा मिसळला जाई, त्याचाच हा सरकारी अवतार. परंतु घरांत चुरा मिसळणारा हात आणि खाणारें तोंड एकाच टेबलाशीं बसत. वाढणारी स्वतः शेवटीं बसे, आणि पाव कमी पडला तर तो तिच्याच वांट्याचा कमी होई. शाळेंत मिसळण्याचें प्रमाण ठरविणारा अधिकारी दूर राजधानींत. तें अन्न त्याच्या पानांत पडावयाचें नव्हतें. काटकसर दोन्हीकडे होती; एकीकडे ती वांटून घेतलेली होती, दुसरीकडे ती नेमून दिलेली होती. मुलांना हा भेद शब्दांत सांगतां येत नाहीं, पण जिभेवर तो कळतो. आणि ह्यांत सर्वांत अन्याय कोणावर झाला असेल तर त्या वाढणाऱ्या बायांवर. नियम त्यांनीं केलेले नव्हते. थोड्या पगारावर रोज शेंकडों पोरांना ऊन अन्न मिळावें म्हणून त्या खपत होत्या, आणि थट्टा मात्र त्यांच्या वांट्याला आली.

१९६९ सालीं ‘हंट्स’ कंपनीनें ‘मॅनविच’ नांवाचा तयार रस डब्यांतून बाजारांत आणला, आणि घरगुती स्लॉपी जोचें एक नवें युग सुरू झालें. आतां खिमा परतून डबा उपडा केला कीं काम झालें. ह्यामुळें चवींत एकसारखेपणा येईल अशी भीति होती. पण गृहिणी कांहीं इतक्या सहज शरण जात नाहींत. मध्यपश्चिमेंतील अनेक घरांत रस करण्याऐवजीं ‘चिकन गंबो’ ह्या भेंडी घातलेल्या सुपाचा डबाच खिम्यांत ओततात. डकोटांत ह्या पदार्थाला ‘स्लशबर्गर’ म्हणतात, पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागांत ‘विंपी’ म्हणतात. र्‍होड आयलंडमधील वूनसॉकेट गांवीं लांबट पावांत भरपूर मिरची आणि सेलरी घालून जो प्रकार करतात त्याचें नांव ‘डायनामाइट’, म्हणजे सुरुंगाची दारू! कोणी गुळासारखी तपकिरी साखर घालतो, कोणी मोहरी वाढवितो, कोणी गाईऐवजीं टर्की पक्ष्याचें मांस घेतो. फ्रान्सिस मूर लापे ह्या विदुषीनें १९७१ सालीं ‘डायट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ ह्या ग्रंथांत मांसापेक्षां कडधान्यांनीं जगाचें पोट अधिक सहज भरेल असें प्रतिपादन केलें. त्या विचाराच्या लोकांनीं स्लॉपी जोलाहि सोडलें नाहीं, आणि खिम्याच्या जागीं शिजलेल्या मसुरा आल्या. अशा प्रकारें हा पांडोबा माळकरीहि झाला.

इतकें ऐकल्यावर मुंबईकर श्रोत्यांच्या मनांत इराण्याच्या हॉटेलांतील खिमा-पावाची बशी उभी राहिली नसेल तरच नवल. दोहोंमध्यें रक्ताचें नातें नाहीं. ‘खिमा’ हा शब्द तुर्की मुळाचा, फारशींतून आपल्याकडे आलेला. ‘पाव’ हा पोर्तुगीज. आणि टोमॅटो व मिरची हीं दोन्ही अमेरिकेचीं मूळ रहिवासी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलेलीं. तिकडचा मसाला आंबटगोड, इकडचा तिखट. परंतु कष्टकऱ्याला थोड्या पैशांत, हातांत धरून, पोटभर खातां यावें ही गरज दोन्हीकडे एकच होती, आणि तिला दोन्हीकडे एकच उत्तर सांपडलें. १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलें शाळेंतून येऊन ‘स्लॉपी जो कर’ असा हट्ट धरूं लागलीं, तेव्हां त्यांच्या आयांना त्याची रीत कोणाला विचारावी लागली नसेल. त्यांनीं आलें-लसूण वाटलें असेल, आणि काम भागलें असेल.

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर. सू सिटी, मस्कटीन, हॅवाना आणि की वेस्ट येथल्या गृहस्थांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, कारण त्यांनीं दुकानें मांडलीं, पाट्या लावल्या, आणि पाटीचा पुरावा मागें उरतो. ज्या बायांनीं मंदीच्या दिवसांत चौघांचें मांस आठांना पुरविलें, त्यांनीं पाटी लावली नाहीं; त्यांच्या कृतींची नोंद फार तर एखाद्या तेलकट वहीच्या पानावर झाली. इतिहासकाराला पुरावा जेथें सांपडतो तेथेंच तो शोधक मानतो, ही त्याची अडचण आहे. ती सत्याची अडचण मानण्याचें कारण नाहीं. ह्या पदार्थाच्या शोधाचा मान कोणा एका ‘जो’ला देतां येत नाहीं. तो द्यावयाचा असेल तर त्या निनांवी हातांना द्यावा लागेल, आणि तसे हात आपल्याहि घरांत आहेत. आज रात्रीं जेवणाच्या वेळीं त्यांतील एखाद्याला त्यानें एखादी युक्ति कोणाकडून घेतली हें जरूर विचारून पाहावें, आणि जमल्यास तें लिहून ठेवावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.